माहेरचे पाव्हणे

हल्ली परभणीला विद्यापीठाचं शहर म्हणतात. तिथं स्थानिक इतिहासावर परिसंवाद होतात. मला पत्रिका येते, मी ती वाचते आणि फडताळात टाकते. जात नाही. ‘जिल्ह्याच्या इतिहासाचं पहिलं काम तर तुम्हीच केलंत’ असं कुणी कौतुकानं म्हणालं की माझं डोकंच फिरतं. ते काम मी कसं केलं आणि त्याचं पुढं काय झालं, हे एकदा सांगून टाकते.

तेव्हा आम्ही नुकतेच हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलो होतो. शाळांवरच्या उर्दू पाट्या पुसून मराठी रंगवून झाल्या होत्या, पण माणसांच्या तोंडातली कचेरीची भाषा अजून तीच होती. परभणीच्या एका हायस्कूलचे हेडमास्तर, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत इतिहास मंडळ काढलं. गावोगावच्या साध्या माणसांकडून निजामाच्या शेवटच्या दिवसांची आणि अठ्ठेचाळीसच्या पोलिस अ‍ॅक्शनची हकीकत लिहून घ्यायची, तिचं पुस्तक करायचं. मी मानवतची, बावीस वर्षांची, ताडकळसच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. रविवारी मोटारीनं परभणीला जायचं, चार पुरुषांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसायचं आणि सरांनी “बाई, तुमचं काय मत?” असं विचारायचं, एवढ्यावरच मी हुरळून गेले. खोटं कशाला सांगू?

सर पहिल्याच बैठकीत म्हणाले, “राजांचा इतिहास पुष्कळ झाला. आता जिच्या हातात खुरपं आहे तिचा लिहू. ती बोलेल तो शब्द. त्यात आपलं काही मिसळायचं नाही.” मी ते वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर झोकदार अक्षरात लिहून ठेवलं. ती वही अजून आहे.

सुरुवात मात्र फजितीची झाली. मी उर्दूतून शिकलेली. लिहून घ्यायच्या हकिकतीला माझ्या तोंडी शब्द बसलेला ‘जबानी’. गावात दारोदार जाऊन मी गोड आवाजात सांगायची, “तुमची जबानी घ्यायला आले.” जबानी घ्यायला आजवर फक्त पोलिस आलेले! एक म्हातारा मागच्या दारानं शेताकडे निघून गेला. एका बाईनं नवरा घरी नाही म्हणून सांगितलं, आणि नवरा तिच्या मागं बाजेवर बसलेला मला दिसत होता. पंधरा दिवस वहीत एक ओळ पडली नाही.

त्या वेळी एका मावशीनं मला शहाणं केलं. गावाच्या कडेला तिचं घर, मेंढ्या राखणारं कुटुंब, वय पन्नाशीचं. ती मला हसून म्हणाली, “बाई, जबानी म्हनू नको. गप्पा मारायला आले म्हन. आन् रिकामी बसू नको, ही लोकर घे, काटे येच.” तिनं लोकरीची टोपली माझ्यापुढं सरकवली. बसायला काही दिलं नाही. मी जमिनीवर बसले आणि लोकरीतले काटे, कुसळं वेचायला लागले. त्या दिवसापासून शाळा सुटली की मी तिच्याकडे. मी गेले की ती फक्त “आलीस का” म्हणायची आणि पायानं टोपली ढकलायची. परक्या गावात मला एवढं आपलं कुणी केलं नव्हतं.

तिच्यामुळं बाकीच्या बायाही बोलायला लागल्या आणि वही भरली. स्वतःचं मात्र ती काही सांगत नव्हती. तीन-चार महिन्यांनी एका दुपारी, सून पाण्याला गेलेली असताना, काटे वेचता वेचता बोलली.

अ‍ॅक्शन झाली, रझाकार पळाले, आणि गावातल्या काही लोकांना चेव चढला. मावशीच्या शेजारी पिंजाऱ्याचं, मुसलमानाचं घर. पिंजारी गाद्या-रजयांचा कापूस पिंजायला परगावी गेलेला. घरात त्याची बायको आणि दोन लेकरं. यांनी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं, पण त्या आठवड्यात ते कोण विचारतंय? मावशीच्या मेंढ्या तेव्हा एका शेतात खतासाठी बसवलेल्या होत्या. तिनं त्या तिघांना रानात नेलं आणि मेंढ्यांच्या वाड्यात, काट्यांच्या कुंपणाआड घेतलं. पिंजारणीला आपलं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठ्या घेऊन सात-आठ जण आले. हे कोण म्हणून विचारलं.

“म्या म्हनलं, माह्या माहेरचे पाव्हणे हायत,” मावशी म्हणाली. “फुडं जो हुता त्यानं तिच्या तोंडाकडं लय बगितलं. त्याला वळकू आली. म्या तितंच उभी. मंग गेले.”

“पुढं कोण होता?”

तिनं नाव सांगितलं. माझ्या हातातली लोकर तशीच राहिली. गावातलं ते बडं प्रस्थ होतं. शाळेच्या प्रत्येक झेंडावंदनाला आम्ही त्याच्या गळ्यात हार घालत होतो.

“हे लिहू का मावशी?”

तिनं लोकरीतला एक काटा ओढून काढला. मग म्हणाली, “पाव्हणे एवढंच लिव. तिचं नाव नको, त्याचं नको. तिला अजून ह्याच गावात ऱ्हायचंय, त्याच्याच घरच्या गाद्या भराव्या लागत्यात. पन लिव. कामून म्हनशील तर तिनं एकदा आयकावं म्हनून. म्या तिला कदी बोलून दावलं न्हाई, तिनंबी न्हाई.”

मी लिहिलं. “अ‍ॅक्शनच्या वेळी माझ्या वाड्यात माहेरचे पाव्हणे होते. तीन दिवस होते. मी त्यांना जाऊ दिलं नाही.” तीनच वाक्यं. सगळ्या वहीत मला ती सगळ्यात खरी वाटत होती.

पुढची चूक माझी. रविवारी सरांनी विचारलं, “हे पाव्हणे कोण?” मी आधी टाळलं. ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “बाई, माझ्यावर विश्वास नाही का?” आणि मी शहाणीनं सगळं सांगितलं. पिंजारीण, कुंकू, काठ्या, त्या माणसाचं नाव. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शब्द दिला की ही तीन वाक्यं जशीच्या तशी छापतील, काना-मात्रेचा फरक करणार नाहीत. त्या पाण्यावर मी भुलले. परतीच्या मोटारीत मला वाटत होतं, जगात निदान एक माणूस असा आहे.

पुस्तक निघालं. प्रकाशनाचा समारंभ सरांनी ताडकळसलाच ठेवला, बाजाराच्या दिवशी, शाळेच्या पटांगणात. मंडळाची माणसं सकाळच्या मोटारीनं पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आली. मी एक प्रत उचलली आणि सरळ मावशीचं पान काढलं. तीन वाक्यांचं दीड पान झालेलं. या शूर धनगर भगिनीनं रझाकारांच्या तावडीतून तीन स्वातंत्र्यसैनिकांना आपल्या मेंढ्यांच्या वाड्यात लपवलं. चळवळीच्या सांकेतिक भाषेत त्यांना ‘पाव्हणे’ म्हणत. खाली मावशीचं नाव, गावाचं नाव, आणि ‘संकलन’ म्हणून माझं नाव.

मी सरांना शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, “हे काय केलंत?”

ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही ‘पाव्हणे’ लिहिलंत. मी फक्त अर्थ दिला. वाचकाला कळायला नको?”

“तुम्हाला खरा अर्थ माहीत होता.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “आज अध्यक्ष कोण आहेत बघा, म्हणजे समजेल.”

अध्यक्ष तोच होता. मेंढ्यांच्या वाड्याशी काठी घेऊन उभा राहिलेला. म्हणजे मी विश्वासानं दिलेलं नाव सरांच्या असं उपयोगी पडलं होतं. कुणाचं काय झाकायचं, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या व्हरांड्यात समजलं.

समारंभ झाला. मावशीला बोलावून आणलं होतं, कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. सरांनी ते दीड पान खड्या आवाजात वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसानं तिच्या ओटीत नारळ घातला आणि तिनं मान खाली घालून घेतला. ती काय बोलणार? खरं बोलावं तर पिंजारीण उघडी पडणार. पिंजारीण बाजाराची पिशवी घेऊन बायकांच्या मागं उभी होती. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून निघून गेली. आणि मी? मी व्यासपीठावर खुर्चीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. बावीस वर्षांची, नोकरी नवी, हे सगळं खरं. पण तोंड होतं मला.

पुढच्या आठवड्यात मी मंडळ सोडल्याचं पत्र टाकलं आणि मावशीकडे गेले. दारात पाऊल ठेवलं तशी ती आत बघून सुनेला म्हणाली, “अगं, पाव्हणी आलीय. घोंगडं टाक. च्या ठिव.”

सुनेनं नवं घोंगडं अंथरलं. मी बसले. म्हटलं, “मावशी, मला फसवलं हो त्यांनी.”

“फसवलं आसंल,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. “पन म्या त्याला कुटं सांगितलं हुतं? तुला सांगितलं हुतं.”

मी घोंगड्याची दशी ओढत राहिले.

“म्या तिला वाड्यात घेतलं हुतं, बाई. तुमी भाईर काढलं. आता ती माह्या घरी येईना झालीय.”

चहा आला. कपबशीत आला, ती माझ्यासाठी कुठूनतरी मागून आणलेली. रोज मी त्यांच्याच पितळीत पीत होते. लोकरीची टोपली तिच्या पलीकडे ठेवलेली होती. चहा संपल्यावर मी हात लांबवून ती ओढायला लागले.

मावशीनं टोपली आपल्याकडे घेतली. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पाव्हण्याला काम सांगत न्हाईत.”