खंडेनवमीला साफ केलेला फोल्डर

स्क्रीनवर ओळी भराभर वर सरकल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच शब्द होता, रिमूव्हिंग. टेस्ट गेलं, टेस्ट-नवीन गेलं, जुनं-नको गेलं. मला बरं वाटत होतं. शेवटची ओळ होती, रिमूव्हिंग तोडणी.

ती ओळ मी पुन्हा वाचली. मग फोल्डर उघडायला गेले. फोल्डरच नव्हता.

मी साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग बघते. श्रीगोंदा तालुक्यातला कारखाना, आजूबाजूला नजर जाईल तिथवर ऊस. विभाग म्हणायचं ते दारावर पाटी आहे म्हणून. आत एक सर्व्हर, दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि मी. दुसरी खुर्ची शबानाची. नगरची मुलगी, माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. ती पुण्याला मोठ्या कंपनीत गेली. तिच्या जागी माणूस देऊ असं सगळे म्हणतात, देत कुणी नाही. तेव्हापासून डबा मी त्या खुर्चीकडे पाठ करून खाते.

दिवस खंडेनवमीचा होता. आमच्याकडे या दिवसाचं फार महत्त्व. वर्कशॉपपासून वजनकाट्यापर्यंत प्रत्येक विभाग आपली अवजारं पुसूनपुसून लख्ख करतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. मीही दरवर्षी कीबोर्ड उलटा करून झटकते. त्यातून भुशाचे कण पडतात. चिमणीतून उडणारा उसाचा तो जळका भुसा कारखान्यात कुणालाही सोडत नाही. या वर्षी मला वाटलं, बाहेरून तर दरवर्षीच पुसतो, एकदा आतूनही झाडून घ्यावं. कुठून ही अवदसा आठवली कोण जाणे.

आता जरा गिटबद्दल सांगते. प्रोग्राम लिहिणारी माणसं आपल्या फाईली गिट नावाच्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात देतात. कोणत्या दिवशी काय बदललं, ते गिट लक्षात ठेवतं आणि हवं तेव्हा जुनं परत आणून देतं. पण त्याला दोन पायऱ्या आहेत. आधी फाईल ॲड करायची, म्हणजे टेबलावर ठेवायची. मग कमिट करायची, म्हणजे कपाटात कायमची लावायची. सर्व्हरवर दुसरी प्रत जाते ती फक्त कमिट केलेल्याची. आणि क्लीन नावाची एक आज्ञा आहे. जे टेबलावर नाही, कपाटातही नाही, ते ती केर समजून फेकून देते. रिसायकल बिनमध्येसुद्धा टाकत नाही. झाडून घ्यायला मी तीच चालवली होती.

मी कारखान्यात वाढलेली. इथे साहेबांची सही झाल्याशिवाय काही पक्कं होत नाही. ती सवय मी गिटलाही लावली होती. ॲड म्हणजे सादर, कमिट म्हणजे मंजूर. काम झालं की ॲड करायचं आणि शेतकी साहेबांना दाखवायचं. ते "फायनल" म्हणाले तरच कमिट. त्यांनी काही बदल सुचवला की ॲड केलेलं मागे घ्यायचं, फाईल त्रुटी काढून परत येते ना, अगदी तसं. जगात गिट असं कुणी वापरत नसेल. आणि साहेब फायनल कधी म्हणत नसत. "म्याडम, थांबा जरा, संचालकांशी बोलतो," एवढंच. शेवटच्या दुरुस्तीसाठी मी फोल्डर मागे घेतला होता आणि ते विसरले होते. माझ्या डोक्यात तो अजून टेबलावरच होता.

त्या फोल्डरमध्ये तोडणीचा कार्यक्रम होता. कोणाचा ऊस कधी तोडायचा, हे ठरवणारा प्रोग्राम. लागणीच्या तारखेप्रमाणे ज्याचा त्याचा नंबर. ऐकायला सोपं वाटतं. पण ऊस वेळेत तुटला नाही तर त्याला तुरा येतो, वजन घटतं, रान अडकून पडतं. त्यामुळे नंबरावरून गावोगाव भांडणं. इतकी वर्षं हा क्रम साहेबांच्या हाताखालची माणसं हाताने लावत, आणि कुणाचा तरी फोन आला की बदलत. यंदा तो मशीन लावणार होतं. दसऱ्यानंतर यादी गटऑफिसांच्या फळ्यावर जायची होती.

त्यातही एक नियम माझ्या जिव्हाळ्याचा होता. लहान प्लॉटचा. कालव्याच्या टोकाला कुणाचं अर्धा एकर, कुणाचं पाऊण एकर. नंबर आला तरी ऊस तोडणाऱ्यांची टोळी तिकडे फिरकत नाही. तेवढ्याशा उसासाठी ट्रक कोण अडकवणार? मग ते मागे पडतात ते पार उन्हाळ्यापर्यंत. पारूबाई म्हणून एक बाई गेल्या हंगामात माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या ऑफिसातून फिरून आल्या होत्या.

"म्याडम, तुमच्या कांपुटरला माझं रान दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

मी नोंद काढून दाखवली. "हे बघा, दिसतंय की."

"मंग टोळीलाच दिसंना व्हय?" म्हणाल्या आणि गेल्या.

मला ते लागलं. नाव दिसतं आणि माणूस कुणाला दिसत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी नियम लिहिला, की एका शिवारातले लहान प्लॉट एकत्र बांधायचे, आणि त्यातल्या ज्याचा नंबर आधी, त्या दिवशी सगळ्यांची तोड. एक ट्रक भरतो, टोळीची खेप वाया जात नाही. साहेबांना तो पसंत नव्हता. दोनदा परत पाठवला. आदल्या दिवशी कसेबसे म्हणाले, "करून तर बघा, मंग सांगतो." मी तो नव्याने लिहून, चालवून, खूश होऊन घरी गेले. ॲड न करता.

त्या गेलेल्या फोल्डरची जागा बघत बसले होते, एवढ्यात साहेब पूजेचा नारळ आणि पेढे घेऊन दारात आले. मॉनिटरला झेंडूची माळ होती आणि त्यामागे रिकामी स्क्रीन.

"वा म्याडम! खोली एक नंबर केली. लई भारी."

"हो सर," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार? खोली खरंच स्वच्छ दिसत होती. कागदांचं कपाट जळलं असतं तर धावपळ झाली असती, लोक बादल्या घेऊन आले असते. माझं इतक्या महिन्यांचं काम गेलं होतं आणि मला पेढा मिळाला.

दुपारी सगळे घरी गेले. मी बसून राहिले. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मी एकटीच राहते. आईला फोन केला. ती पारनेरला भावाकडे असते.

"आई, माझ्या फाईली गेल्या."

"कुठं गेल्या? शिपायाला विचार की."

"तशा नाहीत गं. कॉम्प्युटरमधल्या."

"मग परत कर. तुला तर येतं सगळं. जेवलीस का?"

जेवले म्हणून सांगितलं. मग बराच वेळ फोन हातात धरून बसले. ज्याला हे कळेल असं माणूस मला एकच माहीत होतं, आणि तिला मी कित्येक महिन्यांत फोन केला नव्हता. ती तरी कुठे करत होती? शेवटी लावला.

"ताई? बोल पटकन, मीटिंग आहे," शबाना म्हणाली.

मी पटकन सांगितलं.

"कमिट नव्हतं केलं? ताई, वेडी आहेस का! कमिट म्हणजे सही नाही गं. अजून तेच करतेस?" मग लगेच, "ॲड केलं होतंस का कधी?"

"केलं होतं. मागे घेतलं."

"मग आहे ते. ॲड केलं की गिट आत एक प्रत करून ठेवतं. मागे घेतलं तरी ती पडून राहते. एफएससीके चालव, बेवारस पडलेलं सगळं दाखवेल. बोलावतायत मला, ठेवते हं."

फोन ठेवला गेला. कशी आहेस, हे दोघींनीही विचारलं नाही.

एफएससीके म्हणजे गिटच्या आतल्या गोदामाची तपासणी. ती चालवली आणि लांबच लांब यादी आली. पण एकाही फाईलला नाव नाही. नाव आणि पत्ता टेबलावरच्या नोंदीत असतो, आणि नोंद तर मी मागे घेतलेली. उरलेला असतो नुसता मजकूर, आणि ओळखीसाठी आकड्या-अक्षरांची एक लांबलचक माळ. एकेक उघडून बघायचं आणि ओळखायचं, हा माझा की नाही.

मी उघडत गेले. लागणीच्या तारखांचा हिशेब लावणारी फाईल सापडली तेव्हा टेबलावर हात आपटला. मग तिच्याच आणखी प्रती, साहेबांनी जितक्या वेळा परत पाठवलं तितक्या. कधी नव्हे ते मला साहेबांच्या चालढकलीचं कौतुक वाटलं. प्रत कधी तयार झाली ते गोदामातल्या तारखेवरून कळत होतं, त्यामुळे सगळ्यात ताजी कुठली तेही लागत गेलं.

मधेच एक फाईल उघडली आणि ती माझी नव्हती. शबाना कोडच्या मध्ये स्वतःशी बोलल्यासारखं लिहायची. त्याने प्रोग्रामला काही होत नाही, मशीन ते वाचत नाही. तिथे होतं, "ताई म्हणते हे नको. मला तर बरोबर वाटतंय. उद्या भांडू." दुसऱ्या एका फाईलमध्ये, "भूक लागली. ताई उठत का नाही?" कमिट करायच्या आधी ती हे पुसून टाकायची, म्हणून माझ्या कधी दृष्टीस पडलं नव्हतं. आम्ही दोघी एकाच मशीनवर काम करायचो, त्यामुळे रिपॉझिटरी, म्हणजे हे गोदाम, दोघींचं एकच, आणि लहान. गिट आपणहून गोदाम झाडतं ते फार साठलं की, आणि आमच्याकडे तेवढं साठलंच नव्हतं. म्हणून तिचं हे सगळं तिथेच पडून होतं.

मला रडू आलं. फाईली गेल्या तेव्हा आलं नव्हतं. ऑफिसात कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायचीही गरज नव्हती.

दिवेलागणीपर्यंत सगळं जमलं. एक सोडून. लहान प्लॉटचा नियम. आदल्या दिवशी नव्याने लिहिलेला तो कधी ॲडच झाला नव्हता, त्यामुळे गोदामातही नव्हता. आधीचे दोन्ही प्रयत्न सापडले, पण ते साहेबांनी नापास केलेले आणि खरोखरच कच्चे होते. शबानाला मेसेज केला, "सापडलं." तिकडून अंगठा आला.

साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं.

"गेलं तर गेलं, म्याडम. बाकीचं हाय न्हवं? मंग तसंच लावा."

"सर, लहान प्लॉट परत मागे पडतील."

"पडत्यात ते दरसाली. तुमी त्यो नियम केल्ता हे तुमाला आन मला माहीत. कुनाला कळनार हाय?"

ते वाईट माणूस नाहीत. सणाच्या दिवशी माझा ताप कमी करत होते. आणि बोलले ते खरंच होतं. मी काही केलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. केलं असतं तरी कळलं नसतं. इतकी वर्षं मी याच गोष्टीवर कुढत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदा त्या गोष्टीचा राग आला.

दसऱ्याला सकाळी गेटवर गेले तर वॉचमन उठून उभे राहिले.

"म्याडम, आज सन हाय. आज कशापायी?"

"थोडं राहिलंय, मामा."

"घरी कुनी वाट बगत न्हाई का?"

त्यांना काही वेडंवाकडं म्हणायचं नव्हतं. मी हसले आणि आत गेले.

नियम पुन्हा लिहिला. आठवत होता असं वाटलं होतं, पण बसल्यावर कळलं की आठवत नाही. शिवार कसं ओळखायचं, नंबर पुढे घ्यायचा तर किती, सगळं पुन्हा नव्याने अडलं. एकदा तर एका शिवारातला ऊस दुसऱ्या तालुक्यात जाऊन पडला. संध्याकाळी गाडं रुळावर आलं. गेलेल्यापेक्षा चांगला झाला की वाईट, देव जाणे. ताडून बघायला तो उरलाच नव्हता. पारूबाईंचं रान त्याच शिवारातल्या इतर चौघांबरोबर बांधलं गेलं आणि हंगामाच्या पहिल्या भागात आलं.

मग मी आधी कमिट केलं. साहेबांना दाखवलं ते सुट्टीनंतर.

त्यांनी चष्मा वर-खाली करून यादी बघितली. "ह्यात मोठ्यांचं दोन-तीन दिवस मागं जातंय."

"जातंय."

"वरडत्याल की हो."

"ओरडले तर माझ्याकडे पाठवा. लागणीच्या तारखा दाखवते."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." फायनल हा शब्द तेव्हाही तोंडातून निघाला नाही.

यादी फळ्यावर लागली. मोठे ओरडले, पण आले कुणी नाही. हंगाम सुरू झाला आणि एक दिवस वजनकाट्याच्या नोंदीत पारूबाईंचं नाव आलं. ऊस आला, वजन झालं, गाडी ऊस गाळपाला टाकतात त्या गव्हाणीकडे गेली. मी खिडकीतून बघितलं, पण ट्रकच्या रांगेत ती गाडी कुठली ते कळलं नाही. पारूबाई ऑफिसला आल्या नाहीत. कशाला येतील? ऊस तुटला नाही तर माणूस ऑफिसला येतो.

धडा घ्यायचा तर साधा आहे. मंजुरी साहेबांनी द्यायची, जपायचं आपण. दोन्ही गोष्टी एका टेबलावर ठेवू नयेत. क्लीन चालवण्याआधी तीच आज्ञा नुसती विचारून बघता येते, काय काय फेकशील म्हणून. विचारावं.

आता मी रोज घरी निघताना कमिट करते, अर्धवट असलं तरी. कमिट करताना गिट अडून बसतं. आज काय केलंस ते एका ओळीत लिही म्हणतं, रिकामं सोडलं तर घेत नाही. आधी मला तो जाच वाटायचा. आता ओळीच्या दोन-तीन ओळी होतात. दिवसभरात मला हे विचारणारं तेवढं एकच आहे.