बेसबॉलमधला दमलेला खांदा

बीडहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत एक मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला ऊसतोडीचा कोयता, आणि अंगठ्यानं तळहातावरचे घट्टे चोळत राहायची सवय. मी मोबाईलवर बेसबॉलची फायनल खेळत होतो आणि एकाच धावेनं पुढं होतो. नव्या अपडेटपासून या गेममध्ये चेंडू फेकणारा दमतो, त्याला वेळेत बदलावं लागतं. सगळे नियम मी इंग्रजीतून वाचले होते. घरातला पहिला पदवीधर आहे मी. पण माझा हुकमी गडी काढायला मी तयार नव्हतो.

"लेकरा, त्याला खाली बसव. मरंल ते," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला कळतो का हा खेळ?"

"खेळ न्हाई कळत. खांदा कळतो. बघ की, कसा पडलाय."

बघितलं तर खरंच त्याचा उजवा खांदा खाली आला होता. आठ दिवस खेळून मला ते दिसलं नव्हतं. मी मुकाट गडी बदलला आणि फायनल जिंकलो.

मावशींना त्याचं काहीच नव्हतं. "आन् त्या बसवलेल्याला पाणी दिलं का?"

मी अख्खा मेनू शोधला. पाण्याचं बटण कुठंच नव्हतं. शिरूर आलं तरी मला ते त्यांना सांगवेना.