दोन रिंगा आणि बंद

"हात कपाळावर आपटायचा न्हाई, बाळ. माशी मारतोयस काय?"

हंबीरराव आबा सेटवर आले आणि पहिल्याच दिवशी आमच्या मालिकेच्या नायकाला त्यांनी असं झापलं. नायक मेजर होता. म्हणजे मालिकेत. पाचगणीजवळच्या एका जुन्या बंगल्यात 'नोंद नाही' या मालिकेचं शूटिंग चालायचं. सीमेवर मेला असं जाहीर झालेला मेजर खरंच मेला, की वरच्या कुणीतरी त्याला गायब केला, अशी ती गोष्ट. मी तिथं नटांची वाक्यं पाठ करून घ्यायचे. सॅल्यूट, चालणं, बूट कसे बांधायचे हे शिकवायला कुणीतरी खरा फौजी हवा होता. कोरेगावकडच्या एका गावातून आबांना बोलावलं.

निवृत्त हवालदार. अंगात पांढरा शर्ट, डोक्याला जुनी फौजी टोपी, पाठ अशी ताठ की खुर्चीत बसले तरी उभेच वाटावेत. त्यांच्या गावात उसाच्या प्रत्येक वावरामागं एक तरी माणूस फौजेत. जेवणाच्या सुट्टीत नायकाला म्हणायचे, "मेजरसाब, वांगं सोडू नका. तिकडं बर्फात वांगं मिळत न्हाई."

त्यांचा मुलगा वीरधवल, घरचा वीरू, तिकडंच बर्फात गेला होता, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आबांनी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी मालिकेचा लेखक मल्हार त्यांच्याजवळ येऊन बसला. पुण्याचा, हुशार, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं लहान मुलासारखा बघणारा.

"काका, एखादा जवान जिवंत असून मेला असं दाखवायचंय. कसं करतील?"

"असं करत न्हाईत."

"करत नाहीत ते मलाही माहितीये. पण केलंच तर? लोकांना पटलं पाहिजे."

आबांनी चहाचा कप हातात फिरवला. "मग बर्फ बरा," ते म्हणाले. "कडा कोसळला की माणसं दबत्यात. काही घावत्यात, एखादा घावत न्हाई. आन् बर्फाला कोण जाब विचारणार?"

"मस्त. आणि तो जिवंत आहे हे घरच्यांना कसं कळवेल? चिठ्ठी नको, ते फार झालं."

"फोन करंल. पर बोलायचा न्हाई." आबांनी कप खाली ठेवला. "दोन रिंगा आन् बंद."

"म्हणजे?"

"पोस्टवर पोचलं की पोरं घरी मिसकॉल देत्यात. आमच्यात दोन रिंगा म्हंजे खुशाल हाय. तीन म्हंजे तुमी लावा. घरातली बाई रिंगा मोजती आन् पुन्यांदा भाकरी थापाय बसती."

मल्हारनं त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, हे असलं बसल्या जागी सुचत नाही हो."

आबा हसले. तेव्हा मला वाटलं, म्हातारा कौतुकानं हसला. पुढं कळलं ते वेगळंच. किती तरी वर्षांनी कुणीतरी त्यांना वीरूचं काही विचारलं होतं, विचारणाऱ्याला ठाऊक नसताना.

घरी तिघंच होती. आबा, त्यांची बायको बनुबाई आणि सून संयोगिता. बर्फाचा कडा कोसळल्यावर वीरधवल सापडला नाही, फौजेनं वाट बघून त्याला मृत जाहीर केलं. देह नव्हता, तेव्हा भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला. त्याला वीरूचा शर्ट घातला, नदीवर नेला, आबांनी अग्नी दिला. भुर्रकन जळाला. बनुबाई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "गवत जाळलंत."

संयोगिता शाळेत शिकवायची. माहेरी गेली नाही, सासरीच राहिली. वर्षं गेली. मग बनुबाईंनीच एके दिवशी विषय काढला. "किती दिस ही अशी बसंल? म्याच तिची आई हुते आन् लेक म्हणून धाडते." कडेगावचा जयराज, दूध संघात नोकरीला, त्याची बायको बाळंतपणात गेलेली. दिवाळीनंतर लग्न करायचं ठरलं. बनुबाई स्वतः साताऱ्याला गेल्या, राजपथावरच्या दुकानात दुकानदाराला घाम फोडला आणि अबोली रंगाची साडी घेऊन आल्या. संयोगितानं ती अंगावर धरून बघितली, तेव्हा सासू म्हणाली, "उजळलीस गं." आबा म्हणायचे, त्या वाक्याला किती वर्षं लागली ते मला इचारा.

आणि मग तो भाग लागला.

संध्याकाळची वेळ. संयोगिता लसूण सोलत होती. बनुबाई तांदूळ निवडत होत्या. पडद्यावर मेजरच्या बायकोचा फोन वाजला. दोनदा. बंद झाला. तिनं डोळे मिटले.

बनुबाईंचा हात सुपात थांबला.

"ह्यास्नी कुणी सांगितलं?"

"म्या," आबा म्हणाले, जरा ऐटीतच. "शूटिंगला इचारलं, म्हणून सांगितलं."

"तुमाला कुणी सांगाय लावलं?"

"मला कोण लावंल? आपल्याच घरातलं हाय. वीरूचं."

"आवं, एवढी वर्सं तोंडातनं अक्षर काढलं न्हाईसा. आन् आताच बरं टीव्हीवाल्यास्नी सांगावंसं वाटलं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "खरं सांगा. काय ठावं हाय तुमाला?"

"अगं, काय बी ठावं न्हाई."

"मेजरचा बा पण असंच म्हणाला हुता. मागल्या आठवड्यात."

दुसऱ्या दिवशी बनुबाईंनी वीरूच्या फोटोचा हार काढला. अबोली साडी कपाटातून काढून ट्रंकेत तळाशी घातली. संयोगिताला म्हणाल्या, "नवरा जित्ता असताना दुसरा करत न्हाईत, बाई. थांब जरा."

संयोगिता थांबली. तिनं आबांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "आबा, मला कळतंय ते खोटं आहे. मालिका संपली की आई विसरतील. जयराजना मी सांगते, थोडं पुढं ढकलू."

"ढकलू नको, पोरी."

"एवढ्यानं काही बिघडत नाही."

आबा तडक पाचगणीला आले आणि मला घेऊन गेले. "तू चल. तू शिकल्याली हाईस, टीव्हीतली हाईस, तुझं ऐकंल." मला वाटलं, सोपं आहे. नाटक खोटं असतं, हे नाटकवाल्यानं सांगितलं तर कोण मानणार नाही?

बनुबाईंनी चहा केला. मला पाटावर बसवलं. मी म्हणाले, "काकू, ती गोष्ट आम्ही रचलीये."

"रचली म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांनी बसून ठरवली."

"कोण कोण बसलं हुतं?"

"लेखक, दिग्दर्शक. मी होते."

"आन् हे?"

"आबापण होते, त्या दिवशी."

बनुबाईंनी आबांकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. एखादी गोष्ट जिथल्या तिथं बसल्यासारखं होतं.

"मला सांग," त्या म्हणाल्या, "तुमच्या शिरेलीत ती वकीलीण आली हुती न्हवं, मेजरच्या घरी? असाच च्या प्याली. म्हणाली, तुमचा मानूस गेलाय, मान्य करा, सुखी व्हा. ती कुणी धाडल्याली निघाली?"

तो प्रवेश मीच त्या नटीकडून चार वेळा म्हणवून घेतला होता. गोड बोल, अजून गोड, तिच्या डोळ्यात खरंच पाणी आलं पाहिजे, असं मीच सांगितलं होतं.

"सांग की."

"त्यांनीच," मी म्हणाले. "ज्यांनी मेजरला गायब केलं त्यांनी."

"घे, च्या घे. गार हुईल."

परत येताना आबा गाडीत एकच वाक्य बोलले. "मला पन तिनं त्यांच्यातच धरलंय."

दुसऱ्या दिवशी ते मल्हारसमोर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतलेली. मल्हारला माझ्याकडून आता सगळं ठाऊक झालं होतं, तो उठून उभा राहिला.

"मेजरला मारा," आबा म्हणाले. "मढं दाखवा. त्याच्या आईनं तोंडावरनं हात फिरवलेला दाखवा. म्हंजे झालं."

"काका, मला फार वाईट वाटतंय. पण ते माझ्या हातात नाही. प्रेत दाखवलं की मालिका मेली. चॅनेलला शेवट उघडा हवाय. लोकांनी भांडत बसायला हवं, मेला की जगला."

"बरं. लोकास्नी सांगू नका. मला सांगा. तो मेला का जित्ता हाय?"

"ते ठरवलंच नाही."

"असं कसं? तुमाला तर ठावं असंल."

"नाही काका. प्रत्येक प्रसंग दोन्हीकडून पटेल असा लिहायचा, एवढंच. त्याच्या मागं काही नाही."

 आबांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली.

"मी आपला समजत हुतो," ते म्हणाले, "कुणाला ना कुणाला तरी ठावं असतंय."

त्यानंतर ते सेटवर आले नाहीत. घरी बनुबाईंचं खाणं सुटलं. भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि तसाच ताटात ठेवायच्या. मेजरच्या घरी रिंगा येतात, आपल्याकडं का येत नाहीत? म्हणजे वीरूला कुणीतरी फोन करू देत नाही. कंपन्यांचे फोन यायचे, तर पहिल्या रिंगेला उठून बसायच्या आणि तिसऱ्या रिंगेला पुन्हा आडव्या व्हायच्या. डॉक्टरनं सलाईन लावलं. संयोगिता त्यांच्या तोंडाशी घास न्यायची, त्या मान फिरवायच्या.

एका दुपारी आबा औषधं आणायला साताऱ्याला गेले. पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं, खाली मान घालून, एकाच सुरात.

स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. त्यांनी खिडकीत बसलेल्या एका माणसाला म्हटलं, दादा, फोन देता का, घरी मिसकॉल द्यायचाय. नंबर दाबला. दोन रिंगा ऐकल्या. बंद केला. फोन परत दिला. गाडी सुटली. "वाटलं, म्हातारी एवढी एक भाकरी तरी खाईल. बाकी काय बी मनात नव्हतं."

पण त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. फोन संयोगिताच्या हाताशी होता.

दोन रिंगा. अनोळखी नंबर. ती मालिकेवर विश्वास न ठेवणारी मुलगी. तिचा हात आपसूक गेला आणि तिनं उलट फोन लावला.

"हॅलो, आत्ता फोन आला होता."

"मी न्हाई केला ताई. मी पुण्याच्या गाडीत हाय, स्टँडवर एकानं मागून घेतला होता."

"कोण होता?"

"काय माहीत. मिलिटरीतला वाटला. उभा राहायची पद्धतच तशी."

"वय किती असेल? कसा दिसत होता?"

"टोपी होती बघा. मी काय नीट बघितलं न्हाई, गाडी सुटत होती." मग घाट लागला असणार, आवाज तुटला.

आबा घरी पोचले, तर बनुबाई पाटावर बसून जेवत होत्या. सून वाढत होती. दोघी रडत होत्या आणि हसत होत्या. आबांनी चपला काढल्या नाहीत, दारातच उभे राहिले.

"तो मी हुतो," ते म्हणाले. "पोरी, तो मी हुतो. म्याच केला फोन."

संयोगितानं भाकरी टोपलीत ठेवली. ती त्यांच्यापाशी आली आणि त्यांच्या पायाशी वाकली, चपलांसकट.

"आबा, मला मोकळी करायला तुम्ही काहीही बोलाल. मला माहितीये."

"अगं, खरंच. पुण्याची गाडी हुती. टोपी हीच हुती."

"ते तुम्हाला बाहेर कळलंय," ती हळूच म्हणाली. "मघाशी शेजारच्या काकूंना मी रडत सगळं सांगितलं. त्यांनीच वाटेत तुम्हाला सांगितलं असणार."

बनुबाई जेवत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

जयराजला संयोगितानं स्वतः नकार कळवला. तो कडेगावहून एकदा येऊन गेला. ओसरीवर बसला, पाणी प्याला. आबांना म्हणाला, "मी वाट बघितली असती. पण कशाची बघू, ते सांगा."  पुढच्या वर्षी त्यानं लग्न केलं.

मालिका संपली. शेवटच्या भागात धुक्यातून एक माणूस चालत येतो, तोंड दिसत नाही, आणि फोन वाजतो. लोक महिनाभर भांडले. मल्हारला बक्षीस मिळालं. मी दुसऱ्या कामाला लागले.

परवा साताऱ्याच्या स्टँडवर उतरले. दुपारची वेळ, रसवंतीची घुंगरं वाजत होती. लांबच्या गाड्या लागतात तिथं आबा दिसले. पाठ तशीच ताठ, शर्ट मात्र खांद्यावरून उतरलेला. ते एकेका खिडकीवरून नजर फिरवत चालले होते. एका बाईपाशी थांबले, मग पुढं गेले. एका तरुणाला म्हणाले, "दादा, फोन देता का जरा? घरी मिसकॉल द्यायचाय."

कानाला लावला. थोडं थांबले. बंद केला. आभार मानून परत दिला.

वळले तर मी. दचकले नाहीत.

"शाळा असती आता," ते म्हणाले. "संयोगिता घरात नसती. म्हातारी एकलीच असती."

"आबा, कधीपर्यंत?"

"मिसकॉल द्यायचं बंद केलं की ती ताट सरकवती." त्यांनी टोपी काढली, आतली पट्टी पुसली, पुन्हा घातली. "आन् संयोगिता घरी आली की पहिलं सासूला इचारती, फोन आला हुता का, आई? त्या पोरीला काय सांगू?"

तो तरुण खिडकीतून हाका मारू लागला. "ओ काका, तुमच्या घरून उलटा फोन येतोय. घेता का?"

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मान हलवली, नाही म्हणून. गाडी मागं सरकली, वळली, आणि फोन त्याच्या हातात वाजतच गेला.