डंकाच्या शेजारी काय होतं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याचा काटा मी आधी बघते, मग भाजी. रिक्षावाला गोड आवाजात ‘मावशी’ म्हणाला, की मी पर्स घट्ट धरते. त्यामुळे आमच्या ह्यांनी एकाएकी जुन्या दुकानांची चौकशी सुरू केली, तेव्हा माझे कान टवकारले.

लग्न झाल्यावर आम्ही माणिकपूरला आलो ते कायमचेच. माझा सगळा संसार स्टेशनजवळच्या त्या एका रस्त्यावरच्या दुकानांनी उभा केला. ती बैठी दुकानं पाडून तिथे टॉवर झाले, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली. हे निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरायला जातो. इतक्या वर्षांत ह्यांनी त्या दुकानांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि एक दिवस केकच्या दुकानासमोर थांबून विचारतात, “अगं, इथे आधी काय होतं?”

“केळ्यांची वखार,” मी म्हटलं. “सांडोर-गिरीजच्या वाड्यांतून घड यायचे. धुरी दिली की डोळे चुरचुरायचे.”

“बरोबर, बरोबर,” हे म्हणाले.

बरोबर? म्हणजे मी काय शाळेत बसलेय?

दुसऱ्या दिवशी जिमसमोर तेच. तिथे ख्रिस्ती मुलींचे कम्युनियनच्या विधीचे फ्रॉक शिवणारा शिंपी होता. पांढरेशुभ्र जाळीचे फ्रॉक दारात टांगलेले असायचे. आम्ही गणपती बसवणारी माणसं, पण मला मुलगी असती तर त्यातला एक मी शिवून घेतलाच असता. मग मोबाइलच्या दुकानासमोर तेच. तिथे मसाला कुटायचा डंक होता. उन्हाळा आला की मी वाळवलेल्या मिरच्या घेऊन तिथे दिवसभर पहाऱ्याला बसायचे. डंकवाल्याचा हात हलला की माझी नजर त्याच्या हातावर. गिरीजच्या बायका त्यांचा मसाला घेऊन यायच्या, त्या माझ्यावर नजर ठेवायच्या आणि मी त्यांच्यावर. कुणाची चिमूटभर मिरची इकडची तिकडे होण्याची बिशाद नव्हती. काय छान दिवस होते!

पण हे विचारतायत कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळत होतं, आणि कुठे तेही कळत होतं. थोडे दिवस आधी मी गॅसवर दूध ठेवून विसरले होते. पातेल्याचा कोळसा झाला. ही बातमी ठाण्याला मुलाकडे पोचली, आणि त्याने पालुपद लावलं, “आई, आता तिथे दोघंच राहू नका. फ्लॅट विका आणि इकडे या.” मी साफ सांगितलं, मी हे घर सोडणार नाही. मग लगेच ही प्रश्नावली! मी काही दूधखुळी नाही. डॉक्टरसुद्धा असंच विचारतात, आज वार कोणता, पंतप्रधान कोण. बाई नापास झाली, की फ्लॅटला गिऱ्हाईक बघायला हे मोकळे. बापलेकांचं संगनमत! एकदा हे बाल्कनीत दबक्या आवाजात मुलाशी फोनवर बोलत होते. मी गेले तसे एकदम क्रिकेटवर आले.

मीही कच्च्या गुरूची चेली नव्हे. दुपारी तांदूळ निवडता निवडता मी सगळा रस्ता मनात पाठ म्हणायचे. बेकरी, रेडिओ दुरुस्तीवाला, वखार, शिंपी, डंक. संध्याकाळी धडाधड उत्तरं द्यायचे. तर हे तीच दुकानं परत विचारायला लागले.

“वखारीचं परवाच सांगितलं की!”

“हो का? तरी सांग.”

चोराला पोलीस असंच करतात, तेच तेच विचारून जबाब बदलतो का ते बघतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं, आता आपणच सापळा लावायचा. मुद्दाम चुकीचं सांगायचं. ह्यांनी पटकन चूक दुरुस्त केली, की रंगेहाथ पकडायचं. उत्तर माहीत होतं ना, मग विचारलंत कशाला?

त्यासाठी दुकान निवडलं तेही पक्कं. डंकाच्या शेजारचं, भाड्याने सायकली देणारं. त्याचा मालक ह्यांचा जिवलग मित्र. नोकरीवरून येताना हे घरी यायच्या आधी तिथे टेकायचे. त्यावरून मी किती भांडलेय! आमचा मुलगा सायकल शिकला तो तिथलीच सायकल घेऊन. तो मित्र वारला, तेव्हा ह्यांनी त्याला खांदा दिला आणि पुढे कितीतरी दिवस हे धड जेवलेसुद्धा नाहीत. जगातली सगळी दुकानं विसरतील, पण ते नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिथे पोचलो. आता तिथे रक्त तपासणारी लॅब आहे.

“डंकाच्या शेजारी काय होतं गं?” ह्यांनी विचारलंच.

“रसवंती,” मी सरळ चेहऱ्याने म्हटलं. “उसाच्या रसाची.”

आणि वाट बघत राहिले. आता ओरडतील, ‘काहीतरीच काय बोलतेस!’

ह्यांचा चेहरा खुलला. “हो हो, रसवंती! आलं घालून द्यायचा. फार छान असायचा त्याचा रस.”

वाटलं, थट्टा करतायत. मी ह्यांचे डोळे, ओठ, सगळं निरखून बघितलं. थट्टा नव्हती. ह्यांना खरंच बरं वाटलं होतं, सांगितलेलं जागेवर बसल्यासारखं. बाल्कनीतला तो फोन माझ्याबद्दल नव्हता. मी कधी नापास होते हे बघायला हे विचारतच नव्हते. ह्यांना उत्तरं येत नव्हती, आणि सांगायची लाज वाटत होती.

“आणि त्याच्या पुढे?” ह्यांनी माझा हात धरून विचारलं.

जन्मभर मी माणसं पकडायला टपलेली. तिथे भर रस्त्यात मात्र मी हात जोडायच्या बेतात होते. देवा, हा माणूस मला फसवत असू दे. मुलाशी संगनमत करून माझं घर विकायला निघालेला असू दे.