साडूंच्या परातीतली नळी

माणसांपेक्षा रबराच्या नळीवर जास्त जीव टाकणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू. सत्तरच्या दशकात ते हिंगणघाटच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला अंधाऱ्या मागच्या खोलीत नेत, डोळे मिटायला लावत आणि त्याचा हात पाण्याच्या परातीत बुडवून विचारत, "सांगा, जितं हाये का मेलं?" पहिल्या खेपेला माझ्या बोटांना काहीतरी गार, मऊ लागलं आणि ते हळूच निसटलं. मी किंचाळलो. साडू खूश! "काऊन भेता भाऊ? रबराची नळी हाये!"

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची आई होती. लकव्याने अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी आंधळी. लघवीची नळी बदलताना ती दात आवळून कण्हायची आणि हे अंगणात जाऊन उभे राहायचे. नळीला ओलं, बुळबुळीत अस्तर असलं तर आईला दुखणार नाही, एवढाच त्यांचा हेका. पाण्यात विरघळणारा डिंकासारखा पदार्थ ते नळीला लावत आणि जांभळ्या दिव्याखाली धरत. मग म्हणे त्याचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि पाण्यात तो विरघळत नाही, सब्जासारखा नुसता फुगतो. एका सकाळी मात्र नळी एकीकडे आणि तिची अख्खी पारदर्शक कात दुसरीकडे तरंगत होती. मेव्हणीने त्या कातीला हळदकुंकू वाहिलं, आणि साडू पुन्हा नवा डिंक कालवायला बसले.

शेवटी अस्तर टिकलं. नळी त्यांनी आईच्या हातात दिली तेव्हा मी तिथेच होतो. म्हातारीने ती बराच वेळ कुरवाळली.

"बोट कोनाचं हाये रे हे?" ती म्हणाली. "लेकराले इतका वेळ पान्यात काऊन ठेवलं?"

साडूंना हसू की रडू ते कळेना.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तपासण्या झाल्याशिवाय शरीरात घालता येणार नाही. त्यांचंही बरोबरच होतं. तपासण्या चालू असतानाच म्हातारी गेली, जुनीच नळी सोसत. मुठीत मात्र ती ओली नळी होती. तिच्या बोटांतून ती सोडवताना साडू लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर त्यांनी पाहुण्यांना मागच्या खोलीत नेणं सोडून दिलं. पुढच्या दिवाळीत मीच आपणहून आत गेलो. परातीत पाणी ताजं होतं.

"रोज बदलतो," साडू म्हणाले. "वाळली का कडक होते थे."

मी डोळे मिटून हात घातला. आता ते विचारतील म्हणून थांबलो. त्यांनी विचारलं नाही. पाण्यात कुणीतरी माझं बोट धरल्यासारखं वाटलं, पण या वेळी मी हात काढला नाही.

"जितं हाये," मीच म्हणालो.

साडूंनी मान हलवली आणि परातीवर फडकं झाकलं.