साळिंदराच्या दारातली हाडं

माझी मावशी साळिंदरांच्या घरी जायची. हो, घरीच. रविवार आला की शिवणयंत्रावर कापड टाकायची, काठी आणि बॅटरी घ्यायची आणि टेकडीवरची बिळं पालथी घालायची. ती येताना दिसली की गल्लीतले लोक पोरांना आत ओढायचे. मला त्यांचा राग यायचा आणि, खोटं कशाला बोलू, तिची भीतीही वाटायची.

काका, म्हणजे तिचा नवरा, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका संध्याकाळी तिच्याशी भांडून टेकडीच्या रस्त्याने गेले, ते परत आलेच नाहीत. दुसरीकडे संसार थाटला असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मावशीला एवढंच कळायला हवं होतं: सोडून गेले, की मेले. मेले असतील तर हाडं साळिंदराच्या बिळाशी सापडतील, असं तिला कुणा वनरक्षकाने सांगितलं. काका एकदा शिडीवरून पडले होते, तेव्हा नडगीत स्टीलची पट्टी बसवली होती, स्क्रू मारून. ओळखायला तेवढी पुरे होती.

"साळिंदर हाड खात नाही गं, कुरतडतं," ती मला समजवायची. "दात वाढतच राहतात त्याचे. झिजवायला नकोत?" काटे फेकून मारतं ही तिच्या मते शुद्ध थाप. चिडलं की ते काळेपांढरे काटे फुलवतं, शेपटीतले पोकळ काटे खुळखुळवतं आणि उलटं चालत अंगावर येतं. दिवसभर बिळात, अंधार पडला की ठरलेल्या वाटेने बाहेर. कंद, मुळं, झाडाची साल, मिळेल ते. हे सगळं ती कपडे बेतताना, ओठांत टाचण्या धरून सांगायची, आणि मला टेबलावरच्या कापडाखाली काहीतरी हलतंय असं वाटत राहायचं.

वर्षं गेली. बिळांच्या तोंडाशी कुत्र्यांची हाडं मिळाली, गुरांची मिळाली, सगळ्यांवर पटाशीने खरवडल्यासारखे चर. पट्टी कुठेच नाही.

मग तिच्या परसातले बटाटे कोणीतरी उकरायला लागलं. एका सकाळी वाफ्यात काटा पडलेला सापडला. मावशीने माग धरला, मी तिच्या मागे. माग टेकडीकडे गेलाच नाही. कुंपणाखालून थेट घरामागच्या बंद पडलेल्या खाणीत उतरला. त्या खड्ड्यात सगळी गल्ली कचरा आणि मेलेली जनावरं टाकायची, त्यामुळे तिथल्या वासाची कोणी दखलच घेत नसे. तळाशी झुडपांत बीळ होतं आणि तोंडाशी हाडांचा ढीग. मावशी मांडी घालून बसली आणि एकेक हाड उचलून बाजूला ठेवू लागली. आतून खुळखुळ ऐकू आली, हळू, थांबत थांबत. मी तिचा दंड धरून ओढला, ती हलली नाही.

नडगीचं हाड दोन्ही टोकांना कुरतडलेलं होतं. मधली पट्टी स्क्रूंसकट शाबूत होती.

मला चक्क आनंद झाला. "मावशी, सोडून नव्हते गेले गं काका. परत येत होते. अंधारात पाय घसरला असेल."

ती वर बघत होती. खाणीच्या कडेवर तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, इतकी जवळ की खिडकीत ठेवलेलं पातेलं ओळखू यावं.

"त्या रात्री कण्हल्यासारखा आवाज येत होता इथून," ती म्हणाली. "मला वाटलं, कुठलंतरी जनावर गुरगुरतंय. खिडकीत उभी राहून थाळी बडवली मी. गप्प होईपर्यंत बडवली."