जुळ्या लॅपटॉपांचा डॉक्टर

कुरखेड्याकडच्या आमच्या गावात मले लोक ‘कॉम्प्युटरवाले भाऊ’ म्हणतात, अन् ही पदवी मीच गावभर पसरवली. त्याच तोऱ्यात मी पुतणीच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकून देल्लं. माहा अन् तिचा लॅपटॉप एकाच दुकानातला, एकाच मॉडेलचा. माह्यावर लिनक्स मस्त चाले. तिच्यावर टाकलं अन् वायफाय गायब. दुसऱ्या दिवशी तिची नर्सच्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत, अन् मोबाईलवरून चालणार नाई, असं त्यांनी आधीच कळवलेलं.

“काका, होईल ना?”

“अवं, जुळे हायेत हे! याले जे औषध, तेच त्याले,” मी म्हणलो. माह्या लॅपटॉपमधलं फर्मवेअर, म्हणजे वायफायचं कार्ड जिच्यावर चालते ती फाईल, तिच्या लॅपटॉपात कॉपी केलं. तरी काही नाई. मंग मी आमच्या भागातलं ठरलेलं निदान केलं: “रेंज नसंल.”

इथी काहीही बिघडलं की पहिले रेंजच्या नावानं बिल फाडतात. शेजारी ठेवलेल्या मोबाईलचं वायफाय दिसायले रेंज लागत नाई, हे मले पक्कं माहीत होतं. पण तोंडातून निघून गेलं, अन् माघार घेईन तो मी कसला!

सकाळी वरात निघाली टेकडीवरच्या तेंदूच्या झाडाखाली, जिथी सारं गाव फोन लावायले जाते. भावाच्या डोक्यावर टेबल, वहिनीजवळ मागं बांधायची पांढरी चादर, पुतणीच्या हाती खुर्ची, अन् माह्याजवळ दोन्ही लॅपटॉप. माहा काऊन? तर तुलना करायले.

वर मोबाईलले फुल रेंज, तिचा लॅपटॉप ढिम्म. मोबाईल वायरीनं जोडून भागलं असतं, पण वायर घरी. पोरगी नवा ड्रेस घालून घडीघडी मोबाईलमधली वेळ पाहत होती. खरं सांगतो, मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“भाऊजी, हे स्क्रीनवर लाल-लाल काय येऊन राह्यलं?” वहिनीनं विचारलं.

“ते तसंच येते,” मी न वाचताच म्हणलो. “थांबा, झालंच.”

पोरगी थांबली नाई. तिनं माह्या मांडीवरून माहा लॅपटॉप उचलला, मोबाईलच्या वायफायले जोडला अन् मुलाखत सुरू केली. चालता लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बंद लॅपटॉप दुरुस्त करत बसलो होतो!

मंग झाडामागं बसून ते लाल वाचलं. बाहेरून जुळे, पण आतलं कार्ड निराळ्या पिढीचं. माही फाईल त्याले चालतच नव्हती. बरोबर फाईल टाकली, तर संध्याकाळी वायफाय पळायले लागलं.

तिले नोकरी लागली. ती चंद्रपूरले निघतानी मी छाती फुगवून तिचा लॅपटॉप समोर धरला, “घे, आता एकदम फस्क्लास!”

पोरगी माह्या पाया पडली. “काका, तो तुमच्याजवळच राहू द्या,” म्हणाली, अन् माहा लॅपटॉप पिशवीत टाकून बसमध्ये चढली.